मदत हवी आहे: ट्रेझरी सॉफ्टवेअरसाठी लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखीव, भाड्याची जोडणी) की दुसरं ब्रॉडबँड? (बडोदा)

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेझरी सॉफ्टवेअरचा (कंपनीचे पैसे आणि पेमेंट सांभाळणारं) सर्व्हर मकरपुऱ्याच्या कारखान्यात आहे. तिथल्या 9 जणांचं लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) सुरळीत चालतं. अलकापुरी ऑफिसातले 6 जण ब्रॉडबँडवरून व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी जोडणीने) जोडतात, तिथे घोडं अडतं. परवा पेमेंट मंजूर करतानाच सेशन तुटलं आणि व्हाउचर तासभर लॉक होऊन बसलं. मोठी रक्कम होती, जीव टांगणीला लागला.

स्पीड 100 एमबीपीएस मिळतो, पण पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) मध्येच 20 वरून 300 मिलिसेकंदांवर जातो. राउटर, केबल बदलून झालं. रिमोट डेस्कटॉपवर (कारखान्यातल्या संगणकाचा स्क्रीन इथून चालवून) वेग सुधारला, पण डिजिटल सहीचा यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) तिथे ओळखला जात नाही. सर्व्हर क्लाउडवर न्यायला व्यवस्थापन तयार नाही. बँकेकडे कारखान्याचा एकच स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नोंदवलेला आहे.

दोन्ही ठिकाणं जोडणारी 10 एमबीपीएसची लीज्ड लाइन घेतली तर रिमोट डेस्कटॉपशिवाय 6 जणांचं भागेल का, की आधी टोकनचाच प्रश्न सोडवावा?