एपकॉट : अकरा देश, दोघी मैत्रिणी, एक दिवस. जेवण कुठे आणि किती वाजता?

पायपीट
ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी मैत्रिणी ऑर्लँडोला जातोय. डिस्नेच्या चारांपैकी एकच पार्क करायचं, ते एपकॉट, एवढं पक्कं आहे. राइड दोन-तीन झाल्या तरी पुरे. मुख्य हेतू तळ्याभोवती उभे केलेले अकरा देशांचे विभाग निवांत बघणं आणि खाणं. मी सगळं खाते, मैत्रीण शुद्ध शाकाहारी, अंडं चालतं. राहायला डिस्नेच्या हॉटेलात नाही. प्रश्न असे:
१. बसून जेवायचं एकदा की दोनदा, आणि दुपारी की रात्री?
२. तळ्याला फेरी कुठल्या बाजूने घालायची?
३. शाकाहारी माणसाने कुठे सावध राहायचं?

लगोरी
बसून एकदाच जेवा, आणि दुपारी तीनच्या आसपास. कारण पाऊस. ऑगस्टमध्ये तिथे दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान गडगडाटासह सर येण्याची शक्यता जवळपास रोजच असते. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड, तळ्यातल्या फ्रेंडशिप बोटी आणि हवेतली स्कायलायनर रोपवे असं सगळं थांबवतात, आणि मग अख्खं पार्क छपराखाली शिरतं. तेव्हा तुम्ही एसीत ताटावर असलात की सुटलात. रात्रीचं टेबल घेतलं तर जेवण लांबतं आणि तळ्यावरच्या आतषबाजीला जागा धरायची वेळ नेमकी हुकते. दुपारी आणि रात्री मेन्यू बऱ्याच ठिकाणी तोच असतो, दरही तेच, त्यामुळे रात्री थांबून काही वाचत नाही.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, फ्लोरिडातल्या सकाळी ६ च्या सुमारास. तुमच्या तारखांना म्हणजे भारतात दुपारचे साडेतीन. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी पुढच्या १० दिवसांपर्यंतचं आरक्षण करता येतं, म्हणून स्पेस २२० किंवा कॅनडातलं ल सेलिए अशा रेस्टॉरंटांतल्या जागा तुमची पाळी येईपर्यंत बऱ्याचशा भरलेल्या असतात. तरी रोज एकदा डिस्नेचं अ‍ॅप उघडून बघत राहा. आरक्षण करताना कार्ड द्यावं लागतं आणि न सांगता गैरहजर राहिलात तर माणशी १० डॉलर कापतात. पण आगाऊ पैसे भरायच्या जागा सोडल्या तर दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. बेत बदललेले लोक या शेवटच्या तासांत टेबलं सोडतात, तेव्हा सकाळी अकरा-बाराला दुपारच्या टेबलासाठी बघितलं तर दोघींपुरती जागा सापडू शकते. चौघांना ते अवघड, दोघींना सोपं. अ‍ॅपमधून ‘वॉक-अप’, म्हणजे आरक्षणाशिवाय आलेल्यांच्या, यादीत नाव टाकायचीही सोय आहे, पण ते पार्कात पोहोचल्यावर.

बाकी दिवसभर काउंटरवरचं खाणं, एक पदार्थ दोघींत. काउंटरसाठी अ‍ॅपवर मोबाइल ऑर्डर करा. इथे लोक हमखास एक चूक करतात. वेळेचा टप्पा निवडून पैसे भरले की काम झालं असं वाटतं. तसं नाही. तिथे पोहोचल्यावर ‘मी आलोय’चं बटण दाबल्याशिवाय स्वयंपाकघरात तुमची ऑर्डर सुरूच होत नाही. जेवणाच्या ऐन वेळेचे टप्पे लवकर संपतात, म्हणून १२:३० चं खाणं अकरालाच नोंदवून ठेवा.

बुफे किंवा हवं तेवढं वाढतात अशा जागी वाटून खाता येत नाही, दोघींचे पैसे लागतातच. जर्मनीतलं बीअरगार्टन तसं आहे. शिवाय तिथे लांब टेबलांवर अनोळखी लोकांसोबत बसवतात, पुढे वाद्यवृंद वाजत असतो. गप्पा मारायच्या असतील तर ते टाळा. गंमत हवी असेल तर उत्तम, फक्त शाकाहारी मैत्रिणीचे पैसे तिथे वसूल होणार नाहीत.

वरणभात
तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असते. तिचा अर्थ ‘प्लांट बेस्ड’, म्हणजे मांस-मासे सोडाच, दूध, अंडं आणि मधही नाही. ती खूण दिसली की डोळे मिटून घ्या. पण खूण नाही म्हणजे शाकाहारी नाही असंही नसतं. चीज पिझ्झावर ती कशी असेल? तेव्हा बाकीचं विचारून घ्यावं लागतं, आणि ‘व्हेजिटेरियन’ एवढाच शब्द तिथे पुरत नाही. काही जण मासे चालतात असं धरून चालतात. ‘नो मीट, नो चिकन, नो फिश, नो ब्रॉथ’ असं फोडून सांगा. आरक्षण करतानाही आहाराची नोंद करायची सोय आहे, ती करा, म्हणजे टेबलाशी कोणीतरी जाणकार येऊन एकेक पदार्थ सांगतं.

गोची दिसणाऱ्या मांसात नसते, न दिसणाऱ्यात असते. मेक्सिकन भात बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजतो आणि परतलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी पडते. फ्रेंच पद्धतीचं कांद्याचं सूप म्हणजे गोमांसाच्या पाण्यातला कांदा. जपानी मिसो सूपच्या बुडाशी वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. जर्मन पद्धतीच्या गरम बटाट्याच्या सॅलडमध्ये बेकन, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा. ही त्या त्या पाकपद्धतीची रीत झाली. तिथल्या मेन्यूत त्या दिवशी काय आहे ते विचारूनच घ्या. ब्रिटनच्या काउंटरवर मासे तळतात, तेव्हा चिप्स घेण्याआधी तेल वेगळं आहे का ते विचारा.

शाकाहारीला सर्वात निर्धास्त टेबल म्हणजे इटलीतलं व्हिया नापोली. लाकडावर पेटणाऱ्या तीन भट्ट्या आहेत, त्यांना एटना, व्हेसुव्हियो आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिलीत. मोठा पिझ्झा घेतला तर दोघींत सहज होतो. मैत्रीण चीज जमवायला वापरतात त्या रेनेटबद्दल काटेकोर असेल तर मात्र अस्सल पार्मेजान तिला चालणार नाही. ते वासराच्या जठरातल्या रेनेटनेच जमवतात. मार्गरिटा मागवताना ‘वरून पार्मेजान नको’ म्हणा.

गोड : नॉर्वेच्या बेकरीतला स्कूल ब्रेड. वेलदोडा घातलेला पाव, मध्ये कस्टर्ड, कडेने खोबरं. वेलदोड्याचा वास आला की आपल्याला ओळखीचं वाटतं. अंडं चालत असल्याने अडचण नाही. फ्रान्सची बेकरी दुपारी खचाखच असते, सकाळी ती उघडल्या उघडल्या जा.

बाहेरचं खाणं आत नेता येतं. अटी दोनच : तापवावं लागेल असं नको, आणि उग्र वासाचं नको. थेपले बिनधास्त न्या, लसणाची चटणी हॉटेलवर ठेवा. काचेची बाटली आणि सुटा बर्फ चालत नाही. पाणी विकत घेऊ नका. कुठल्याही काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट देतात. नळाच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, लिंबाच्या चवीची पुडी जवळ ठेवा.

उंडगा
लगोरी यांचं दुपारच्या जेवणाचं गणित मान्य. पण फेरीचा प्रश्न राहूनच गेला.

देश सकाळी ११ ला उघडतात, बाकी पार्क त्याच्या दोन तास आधी. समोरच्या दाराने आलेली गर्दी ११ वाजता सरळ तळ्याकडे येते आणि डावीकडे मेक्सिकोत शिरते. तिथून नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, मधोमध अमेरिका, मग जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. तुम्ही उलट जा. त्याहून बरं म्हणजे मागच्या दाराने, इंटरनॅशनल गेटवेने या. ते फ्रान्स आणि ब्रिटनच्या मध्ये उघडतं. रॅटाटुई चित्रपटातल्या रेमी उंदराची राइड फ्रान्समध्ये असूनही पार्कासोबतच सुरू होते, ती आधी उरका. मग पार्काच्या पुढच्या भागात द लँड या दालनात लिव्हिंग विथ द लँड ही साधारण १४ मिनिटांची बोट. तिथली काचघरं खरी आहेत, त्यातला भाजीपाला पार्कातल्या हॉटेलांत जातो. अकरा वाजले की कॅनडापासून फेरी सुरू. जपान-अमेरिकेपर्यंत पोहोचाल तेव्हा समोरून येणारा लोंढा भेटेल, पण तोवर निम्मे देश शांतपणे झालेले असतील. आणि तीनला इटलीत टेबल घेतलंत तर ते अमेरिकेच्या लगेच पुढेच येतं.

पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटर, पण प्रत्येक देशात आत-बाहेर करता दुप्पट होते. पाय भरले तर मेक्सिको आणि कॅनडाच्या मधल्या चौकातून जर्मनी आणि मोरोक्कोला बोटी जातात. त्या चालण्यापेक्षा लवकर पोहोचवतात असं नाही, पण बसायला मिळतं.

बघताना लोक दुकानांत अडकतात आणि इमारती राहून जातात. मोरोक्कोत मुद्दाम वेळ काढा. राजे हसन दुसरे यांनी त्या कामासाठी मोरोक्कोहून कारागीर पाठवले होते. भिंतीवरचं झेलीज काम म्हणजे हाताने फोडलेले टाइलचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे, एकाला एक भिडवलेले. हाताच्या अंतरावर उभं राहून बघा, प्रत्येक तुकड्याची कड किंचित वेगळी दिसते. चीनमध्ये बीजिंगच्या स्वर्गमंदिराची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे. तिच्या गोल दालनात बरोबर मध्यबिंदूवर उभं राहून बोला. स्वतःचाच आवाज कानाशी येतो आणि दोन पावलं सरकलं की गायब. गोल घुमटाची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. फ्रान्सचा आयफेल टॉवर मूळच्या एक दशांश. अमेरिकेचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एसीत आहे, पाऊस जेवणानंतरही थांबला नाही तर तिथे बसा. दहा मिनिटं आधी जा, घुमटाखाली वाद्यांशिवाय गाणारा चमू असतो, तो मूळ कार्यक्रमापेक्षा सरस वाटतो.

दारातला मोठा गोळा, स्पेसशिप अर्थ, ५५ मीटर उंच आहे. सकाळी त्याच्या रांगेत उभं राहू नका, संध्याकाळी रांग ओसरते. पावसातही त्याच्याखाली उभं राहता येतं. गोळ्यावरचं पाणी खाली ठिबकत नाही, आतल्या पन्हळीतून तळ्यात सोडलेलं आहे.

हिशेबनीस
मेन्यूवरच्या दरात साडेसहा टक्के कर धरलेला नसतो. बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप, दोघींच्या बिलात ती आपोआप लागत नाही, स्वतः लिहावी लागते. म्हणजे ३० डॉलरची डिश प्रत्यक्षात ३८ च्या आसपास जाते. काउंटरवर टिप नाही. बिल वेगळं हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

पायपीट
सगळ्यांचे आभार. व्हिया नापोली ३:१० चं बघते. दोन शंका उरल्या. आतषबाजीला कुठे उभं राहायचं? आणि वाईन घ्यायची झाली तर आधार किंवा पासपोर्टची झेरॉक्स चालेल का?

उंडगा
आतषबाजी बहुधा रात्री ९ किंवा ९:३० ला असते, त्या दिवसाची वेळ अ‍ॅपवर बघा. पाऊण तास आधी कठड्याला लागा. समोर झाड किंवा बेट आडवं येत नाही ना ते बघा, आणि जवळचं निशाण कुठल्या दिशेला फडकतंय तेही. धूर ज्या बाजूला जाणार तिथे उभं राहिलात तर पाचव्या मिनिटाला फक्त ढग दिसतो. मेक्सिको आणि कॅनडाच्या मधला चौक बाहेर पडायला सोयीचा, म्हणूनच तिथे दाटी. ब्रिटनच्या रोज अँड क्राऊनमध्ये टेबल घेतलं तरी तळ्याकाठचीच जागा मिळेल अशी हमी देत नाहीत. संपल्यावर लगेच दाराकडे धावू नका, वीस मिनिटं बाकावर बसा.

हिशेबनीस
झेरॉक्स नाही, आधारही नाही. मूळ पासपोर्ट लागतो, वय २१ पूर्ण. झिपलॉक पिशवीत घालून न्या, ऑगस्ट आहे.