२०७० राहू द्या, संध्याकाळी सातची वीज कुठून आणणार ते बोला

घाटमाथा

देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, गॅस, तेल सोडून इतर स्रोतांची आहे. २०३० पर्यंत गाठू असं ऑगस्ट २०२२ मध्ये जगाला कळवलेलं हे लक्ष्य जून २०२५ मध्येच गाठलं. पेढे वाटायला हरकत नाही. पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण सौर पॅनेल दिवसातले पाच-सहा तासच जोरात चालतं.

सौर महाग की स्वस्त, हा वाद माझ्या लेखी मे २०१७ मध्येच मिटला. राजस्थानात भडल्याच्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला होता. आता उरलाय तो वेळेचा प्रश्न. दुपारी एकला वीज इतकी होते की राजस्थानातल्या सौर प्रकल्पांना कधीकधी निर्मिती कमी करायला सांगावं लागतं, आणि संध्याकाळी सातला तेच ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, कोळशापुढे हात पसरतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की नेट झिरो, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन परत शोषून घेणं, २०७० ला होणार की २०६० ला यावर भांडण्यात अर्थ नाही (ते पाहायला आपल्यातले निम्मे नसतील). दुपारची स्वस्त वीज संध्याकाळपर्यंत कशी न्यायची आणि संध्याकाळचा वापर दुपारी कसा ओढायचा, एवढ्यावर दहा वर्षं पैसा ओता. शेतीपंप दिवसा चालवा. घाटघरसारखे, म्हणजे वीज फुकट जात असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं असे, उदंचन प्रकल्प वाढवा. आहेत ती कोळशाची केंद्रं चालू ठेवा, पण संध्याकाळसाठी.

व्यवहाराने काय होतं ते एलईडी बल्बने दाखवलंय. सरकारने घाऊक खरेदी केली आणि ३१० रुपयांचा खरेदी दर तीनेक वर्षांत चाळिशीच्या खाली आला. कोट्यवधी घरांत बल्ब बदलले. हवामान बदलावर व्याख्यान कुणालाच द्यावं लागलं नाही.

बॉयलर

‘कोळशाची केंद्रं संध्याकाळसाठी ठेवा’ हे लिहायला एक ओळ लागते, चालवायला माणसं लागतात. मी औष्णिक केंद्रात नोकरी केली आहे. कोळशाचा संच म्हणजे घरातला दिवा नव्हे, हवा तेव्हा बंद-चालू करायला. क्षमतेच्या ५५ टक्क्यांखाली तो नेला की आच स्थिर राहत नाही, तेलाचा आधार द्यावा लागतो. हा आकडा टप्प्याटप्प्याने ४० वर आणायचा नियम २०२३ मध्ये झालाय. होईलही, पण रोज ताणून-सोडून बॉयलरच्या नळ्या फुटतात, युनिटमागे कोळसा जास्त जळतो, आणि तो खर्च सौर विजेच्या २.४४ मध्ये कुणी धरत नाही.

माझं मत सरळ आहे. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर, गेली होती. ती वाढणारच, अजून लाखो घरांत पहिला एसी यायचाय. आपल्याकडे माणशी कार्बन उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या. मग नव्या कोळसा केंद्रांची लाज आपण का बाळगायची? २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत भारताने कोळसा ‘बंद करू’च्या जागी ‘कमी करत नेऊ’ असं लिहून घेतलं, ते योग्यच केलं.

आणि आयात गॅसच्या भरवशावर राहिलो की काय होतं ते दाभोळच्या वीज प्रकल्पात महाराष्ट्राने पाहिलंय. देशात गॅसवर चालणारी वीसेक हजार मेगावॅटची केंद्रं बहुतेक वेळ बसून असतात, कारण गॅस परवडत नाही. कोळसा निदान आपल्या जमिनीखाली आहे.

वर्धाकाठ

‘आपल्या जमिनीखाली’ म्हणजे आमच्या. मी कोळसापट्ट्यात राहतो. शेजारी औष्णिक केंद्र आहे, नाव कशाला घेऊ. वारा फिरला की दोरीवरचे कपडे झटकून घरात घ्यावे लागतात आणि गच्चीवर पापड घालायची सोय नाही. तुम्ही घेता त्या विजेच्या दरात आमच्या डॉक्टरचं बिल कुठे दिसत नाही.

धुरातलं गंधक अडवणारी यंत्रणा बसवायचा नियम डिसेंबर २०१५ चा. मुदत होती दोन वर्षांची. मग वाढली, परत वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये जवळजवळ ७८ टक्के संचांना त्यातून सूटच मिळाली. याला व्यवहार म्हणायचं असेल तर म्हणा, आम्ही दुसरं काहीतरी म्हणतो.

बॉयलर

@वर्धाकाठ, तुमचा त्रास खोटा नाही. पण कपड्यांवर बसते ती राख, गंधक नव्हे. राखेसाठीची यंत्रं केंद्रांत आहेत, ती नीट चालवली पाहिजेत. आपल्या कोळशात गंधक मुळात कमी आणि राख भरपूर. गंधकाच्या यंत्रणेवर मेगावॅटमागे कोटभराच्या आसपास खर्च करून तुमची राख कमी होणार नाही.

वर्धाकाठ

गंधकाच्या धुराचे हवेत पुढे बारीक कण होतात आणि तेच छातीत जातात. आणि ‘नीट चालवली पाहिजेत’ याचं काय करू? रात्री बारानंतर चिमणीकडे बघायला या एकदा.

मोटकरी

शहरातली भांडणं झाली असतील तर शेतीपंपाचं बोलू.

आमच्याकडे थ्री फेज आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत साडेअकराला लाइट येते. उसात बिबट्या, बांधावर साप, हातात बॅटरी. म्हणून जो तो ऑटोस्विच बसवतो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू आणि आपण अंथरुणात. आता एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंचवीस मोटरी असतील तर पंचवीसही एका क्षणी उठतात. व्होल्टेज बसतं, डीपी जळते, मग वर्गणी काढून ट्रॅक्टरमधून ती तालुक्याला न्या आणि आठ दिवस पिकाकडे बघत बसा. गावात व्होल्टेज सावरणारा कपॅसिटर किती जणांनी लावलाय ते विचारू नका.

शेजारच्या गावचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी लाइन, सौरवर गेला. सकाळी नवाला लाइट, पाचला बंद. बायामाणसं दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायला लागली. कुणी पर्यावरणासाठी केलं का? नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ती वीज तीन रुपयांच्या आसपास पडते आणि पूर्वी शेतीला वीज द्यायला कंपनीला त्याच्या दुपटीहून जास्त खर्च यायचा, म्हणून केलं. घाटमाथा म्हणतात तो व्यवहार हाच.

विहीरतळ

मोटकरी, दिवसा वीज मिळावी याला कोण नाही म्हणेल? पण पुढचा पाढा वाचा. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज फुकट. आता ती दिवसाही मिळणार, भरवशाची मिळणार. रात्रीच्या अंधाराचा का होईना, उपशाला एक लगाम होता. तोही गेला. ज्या तालुक्यांत आठशे फुटांवर बोअर कोरडी जाते तिथे तुम्ही सूर्यावर चालणारा उपसा देताय.

वर इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं म्हणून तीच आतषबाजी. त्यातला बराच भाग आता मक्याचा नि तांदळाचा आहे हे खरं, पण मराठवाड्यात कारखाना आणि डिस्टिलरी उभी राहिली की ऊस वाढतो. तेलाची आयात कमी करायला पाणी उपसायचं, हा हिशेब कुठल्या मंत्रालयाच्या वहीत आहे? ऊर्जेचं धोरण एका खोलीत, पाण्याचं दुसऱ्या, आणि दोन्हीची किंमत बोअरवाल्या गाडीला देणार शेतकरी.

राइनकाठी

जर्मनीत राहतो म्हणून एक भर. इथे एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्याच्या आदल्या वर्षी रशियाचा गॅस आटला तेव्हा कोळशाची झाकून ठेवलेली केंद्रं पुन्हा पेटवली होती. तत्त्वाने धोरण ठरवलं की असं होतं. भारताने अणुऊर्जा सोडू नये. जैतापूरचे ९,९०० मेगावॅट झाले असते तर संध्याकाळी सातचा प्रश्न महाराष्ट्राला पडलाच नसता.

खडूस

@राइनकाठी, ‘झाले असते तर’! फ्रेंच कंपनीशी करार २०१० चा. तिथे अजून एक भट्टी उभी नाही. याच जातीची भट्टी फ्रान्सनेच फ्लामाँव्हीलला २००७ मध्ये बांधायला घेतली, ती ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. तोवर आम्ही काय, मेणबत्त्या लावू?

राइनकाठी

आपल्या स्वतःच्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्या काकरापारला चालू आहेत की. त्या बांधा.

घाटमाथा

विहीरतळ यांचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. फीडर सौरवर न्यायचा आणि वीज फुकटही ठेवायची, हे दोन्ही एकत्र नको. दर फीडरला ठरावीक युनिट द्या आणि वाचवलेल्या युनिटचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाका. पंजाबात ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’ नावाने हा प्रयोग झालाय. मात्र रात्रीचा अंधार हा उपशाचा लगाम होता हे मला पटत नाही. ऑटोस्विचने तो कधीच तोडलाय, मोटर रात्रभर चालते आणि पाणी ओढ्याला जातं.

बॉयलर, नळ्या फुटण्याचा खर्च खरा आहे, तो केंद्रांना वेगळा द्यावाच लागेल. पण नवं केंद्र आज मंजूर केलं तर पंचवीस वर्षांचा खरेदी करार गळ्यात पडतो. वीज घ्या न घ्या, स्थिर आकार भरा. बॅटरीचे दर पडत असताना हा करार कशाला? तुम्हीच दाभोळचं नाव काढलंत. तिथे महाराष्ट्र बुडाला तो अशाच कराराने, गॅस हे निमित्त.

आता पैसा कुठून आणायचा ते. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, तो २०१६ पर्यंत ४०० वर नेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर गेला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कोळशावर कर आहेच, फक्त तो साठवणुकीवर खर्च करायचं बंधन कुणावर नाही. ते बंधन घाला, वीज एक पैशानेही महाग होणार नाही.

बॉयलर

यावर सहमत. फक्त त्यातला एक हिस्सा जुन्या संचांच्या दुरुस्तीला द्या.

वर्धाकाठ

वाटण्या सुरू झाल्या! कोळसा जिथून निघतो त्या जिल्ह्याचं नाव दोघांच्याही यादीत नाही.

बॉयलर

त्यासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणींकडून येणारा पैसा त्याच जिल्ह्यात खर्च करायला.

वर्धाकाठ

आहे ना. त्यातून रस्ते होतात, सभागृहं होतात. खाणीतला पोरगा चाळिशीत घरी बसेल तेव्हा त्याला कुठलं काम, याची एक ओळ कुठल्याही आराखड्यात असेल तर इथे टाका. मी वाट बघतो.