मदत हवी आहे: मोहन बागान, १९११ आणि बंगाली साहित्य

मंडळी, २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान या कोलकात्याच्या फुटबॉल क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असं हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते! या विजयाचं बंगाली कथा-कवितेत काय झालं, यावर मला लेख लिहायचा आहे. बंगाली लेखक मोती नंदींच्या ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या फुटबॉलवरच्या कादंबऱ्या इंग्रजीतून वाचल्या. सुंदर आहेत, पण त्या बऱ्याच नंतरच्या काळातल्या. क्रीडा-इतिहासाची पुस्तकंही चाळली, त्यांत सामन्याचा तपशील भरपूर, साहित्य जवळपास नाहीच. मला बंगाली वाचता येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. चित्रपट नकोत. थेट १९११च्या विजयावरची एखादी कथा, कविता किंवा कादंबरी अनुवादात कुठे मिळेल?