नव्या स्वयंपाकघरात इंडक्शन की गॅस? ओटा बसण्याआधी सल्ला हवा आहे

प्रश्न : कासारवडवली, ठाणे

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला घेतलेल्या आमच्या सदनिकेचा ताबा गेल्या महिन्यात मिळाला असून सध्या स्वयंपाकघराचे काम सुरू आहे. ओट्याचा ग्रॅनाइट पंधरा दिवसांत बसेल आणि त्याआधी शेगडीचा निर्णय करून कारागिराला कटआउटचे, म्हणजे शेगडीसाठी ग्रॅनाइटमध्ये कापायच्या जागेचे, माप द्यायचे आहे. महानगर गॅसची पाइपलाइन इमारतीत आलेली आहे, आमच्या स्वयंपाकघरात मीटरही बसला आहे, फक्त पुरवठा सुरू व्हायचा राहिला आहे. फर्निचरचे काम पाहणारे गृहस्थ मात्र चार झोनचा इंडक्शन हॉब (ओट्यात बसवायची, चार भांडी ठेवता येतील अशी विजेची शेगडी) बसवा, गॅसचा पाइप कपाटामागे बंद करून टाकू, म्हणजे ओटा सपाट आणि देखणा दिसेल, असा आग्रह धरत आहेत.

घरात आम्ही चौघे आहोत : मी, पत्नी, नववीत शिकणारी मुलगी आणि माझी आई. आईचे वय त्र्याहत्तर आहे. सकाळी साडेसातला आम्ही तिघे बाहेर पडतो आणि त्यानंतर दुपारपर्यंत स्वयंपाकघर आईच्या हाती असते. ती जवळजवळ रोज ज्वारीची भाकरी करते आणि ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायची तिची तयारी नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र दोन प्रसंग घडले. एकदा दूध तापत ठेवून ती पूजेला बसली, दूध उतू जाऊन बर्नर विझला, आणि शेजारच्या वहिनींना वास आला म्हणून गॅस चालू राहिल्याचे कळले. दुसऱ्यांदा डाळीचे पातेले तळापर्यंत करपून काळे झाले. तेव्हापासून अकरा वाजले की मी कार्यालयातून तिला फोन करून गॅस बंद आहे ना, एवढेच विचारतो, आणि ते विचारणे तिला लागते हेही मला कळते.

या परिस्थितीत पूर्ण इंडक्शनवर जावे का? खर्च कितपत वाढेल, भाकरीचे काय होईल आणि विजेच्या जोडणीत आत्ताच काय करून घ्यावे, याबद्दल दोन्ही शेगड्या प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : ऐरोली, नवी मुंबई

नमस्कार. आमच्या घरात साडेतीन वर्षांपासून दोन बर्नरची पाइप गॅसची शेगडी आणि दोन झोनचा इंडक्शन हॉब एकाच ओट्यावर शेजारी शेजारी आहेत, आणि सासूबाई दोन्ही वापरतात. त्यामुळे जे लिहिते आहे ते रोजच्या वापरातले आहे.

आईंच्या बाबतीत तुम्ही सांगितलेले दोन प्रसंग वरवर सारखे वाटले तरी त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. ज्योत विझून गॅस चालू राहणे हा धोका गॅसच्या शेगडीतच टाळता येतो. ज्योतीजवळ एक बारीक संवेदक असतो, तो थंड पडला की काही सेकंदांत आतली झडप बंद होऊन गॅस थांबतो. दुकानात या सोयीला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस किंवा नुसते एफएफडी म्हणतात. ती सगळ्या शेगड्यांत नसते, म्हणून स्पष्ट विचारून घ्यावी, आणि पेटलेल्या बर्नरवर फुंकर मारून, झडप बंद झाल्याचा टक असा आवाज येतो का हे दुकानातच पाहावे. दुसरा प्रसंग मात्र ज्योत पेटलेली असताना विसर पडण्याचा आहे आणि तिथे ही झडप काहीच करू शकत नाही. तिथे इंडक्शनचा टायमर उपयोगी पडतो. वीस मिनिटे लावली की विसाव्या मिनिटाला शेगडी स्वतः बंद होते, आणि भांडे उचलून ठेवले तरी थोड्याच वेळात थांबते. आमच्याकडे दूध, चहा, डाळ, भात आणि बटाटे उकडणे ही सगळी कामे या एका कारणासाठी इंडक्शनवर गेली आहेत. सासूबाईंना कुणी फोन करून विचारावे लागत नाही, आणि त्यांच्या बोलण्यातला मोकळेपणा परत आला, हे मला विजेच्या बिलापेक्षा मोठे वाटते.

भाकरीसाठी मात्र गॅस ठेवाच. मी बिडाच्या तव्यावर इंडक्शनवर भाकरी करून पाहिली आहे. तवा तापतो, परंतु झोनखालचे तांब्याचे वेटोळे साधारण अठरा ते वीस सेंटिमीटर व्यासाचे असते आणि त्याच्या वरचाच भाग खरा तापतो. त्यामुळे भाकरी मध्ये करपू लागते तरी कडा पांढऱ्या आणि कच्च्या राहतात, मग ती सारखी फिरवत बसावे लागते. शिवाय तवा बाजूला करून भाकरी ज्योतीवर धरली की जी टम्म फुगते, ते तिथे होतच नाही. भरताचे वांगे भाजणे आणि पापड भाजणे यांचेही तेच. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही : इंडक्शनला भांड्याचा तळ किमान दहा-बारा सेंटिमीटरचा लागतो, त्यामुळे फोडणीचे कढले ठेवले तर शेगडी ते ओळखतच नाही. वरणावर वरून फोडणी घालणाऱ्या घरात ही अडचण रोजची असते.

भांड्यांच्या बाबतीत एक लोहचुंबक जवळ ठेवा. तळाला तो घट्ट चिकटला तर भांडे चालते. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचे पातेले आणि गोल बुडाची कढई चालत नाही; बिडाचे आणि लोखंडाचे सपाट भांडे चालते. स्टीलवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण चांगल्या प्रतीच्या पुष्कळशा स्टीलला चुंबक चिकटत नाही. आमच्या लग्नातल्या जाड पातेल्यांपैकी निम्मी तशीच निघाली.

खर्चाचा हिशेब कोणाच्याही सांगण्यावर न सोडता स्वतः करता येतो. गॅसची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते आणि चांगल्या शेगडीवरही साधारण साठ-पासष्ट टक्केच अन्नापर्यंत पोहोचते, तर इंडक्शनवर भांड्याचा तळच तापत असल्याने हे प्रमाण पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास राहते. त्या हिशेबाने पाइप गॅसच्या एका घनमीटरचे काम साधारण सात युनिट विजेत होते, आणि १४.२ किलोच्या सिलिंडरचे १२० ते १४० युनिटमध्ये. विजेच्या एका युनिटचा दर सातने गुणून गॅसच्या बिलावरच्या एका घनमीटरच्या दराशेजारी मांडून पाहा. दर लिहिताना वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरायला विसरू नका, नाहीतर उत्तर फसवे येईल. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात आणि इंडक्शनचे युनिट नेहमी तुमच्या वापराच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात. म्हणजे मे महिन्यात वातानुकूलन यंत्रामुळे तुम्ही आधीच ३०० च्या जवळ असाल, तर त्यावरच्या स्वयंपाकाचे युनिट आणखी महाग टप्प्यात मोजले जातील. आमच्या घरी हा हिशेब स्पष्टपणे पाइप गॅसच्या बाजूने झुकतो. सिलिंडर वापरणाऱ्यांसाठी फरक कमी राहतो. तरीही रोजच्या उकडण्या-उकळण्याला लागणारी वीज फार नसते : एक लिटर पाणी उकळायला जेमतेम ०.१ युनिट लागते आणि २००० वॅटवर ते तीन-चार मिनिटांत होते.

आता विजेच्या जोडणीबद्दल, कारण इथे आम्ही फसलो. आमच्या इलेक्ट्रिशियनने हॉबची वायर फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असलेल्या सर्किटवरच जोडली. पहिल्याच रविवारी दोन्ही झोन आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू झाले तेव्हा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्वयंचलित स्विच) पडला, आणि नवी वायर ओढण्यासाठी नुकत्याच लावलेल्या टाइल्सची एक पूर्ण उभी ओळ फोडावी लागली. तशाच रंगाच्या टाइल्स पुन्हा मिळाल्या नाहीत, त्या ओळीची छटा आजही वेगळी दिसते. म्हणून सांगते, ओटा आणि टाइल्स बसण्याआधी मुख्य बोर्डापासून हॉबसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि उत्तम अर्थिंग करून घ्या. दोन झोनचा साडेतीन किलोवॅटचा हॉब सुमारे १५ अँपिअर घेतो, त्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी पुरतो. चार झोनचा सात किलोवॅटच्या आसपासचा हॉब सगळे झोन चालू असताना ३० अँपिअरपर्यंत जातो, तेव्हा ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी लागतो, आणि त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीची किलोवॅटमधली मर्यादा, तपासावा लागतो. चौघांच्या घराला चार झोन लागत नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅसचा पाइप कपाटामागे बंद करण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्या. हा पाइप उघडा, हवेशीर आणि हात पोहोचेल असा असला पाहिजे, आणि त्याची जागा बदलायची असेल तर ते काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच व्हावे. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर जातो, परंतु बंद कपाटात तो तिथेच साठून राहील. जुन्या घरची सिलिंडरवरची शेगडी इथे आणणार असाल तर तिचे जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड) बदलल्याशिवाय ती पाइप गॅसवर नीट चालणार नाही, हेही लक्षात असू द्या.

थोडक्यात, दोन बर्नरची झडपेसह गॅस शेगडी आणि तिच्या बाजूला दोन झोनचा हॉब घ्यावा असे मी सुचवीन. वीज गेली तर घरात चूल पेटती राहते. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता असतो, आणि घरगुती इन्व्हर्टरवर इंडक्शन चालत नाही.

प्रतिसाद : खारघर, नवी मुंबई

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, दोन गोष्टींची भर घालतो. आईंना पेसमेकर बसवलेला असेल तर खरेदीआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. माझ्या वडिलांसाठी आम्ही विचारले तेव्हा चालू हॉबपासून दोन फुटांचे अंतर राखायला सांगितले गेले, आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनही ६० सेंटिमीटरच सांगते. ओट्याशी उभे राहून भाजी परतताना एवढे अंतर राहत नाही, म्हणून आमच्याकडे ते मागच्या झोनवर फक्त चहा ठेवतात आणि मागे सरतात.

दुसरे म्हणजे, ओट्यात बसवलेल्या हॉबच्या खाली पंख्याला हवा लागते. आमच्या सुताराने हॉबला लागूनच खण केला होता. त्यात ठेवलेल्या कागदी पिशव्यांनी हवेचा मार्ग अडला आणि हॉब तापून दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तो उघडला तेव्हा आत झुरळांची अंडीही सापडली. खाली मोकळी जागा सोडा आणि ती झाडता येईल अशी ठेवा.

प्रश्नकर्ता : कासारवडवली, ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. आईला पेसमेकर नाही. काल संध्याकाळी तिला घेऊनच जांभळी नाक्याला गेलो आणि भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक तिच्या हाती दिला. तिने एकेक पातेले उलटे करून पाहिले, सपाट बुडाची एक कढई आणि इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर निवडला, आणि भाकरीचा तवा गॅसवरच राहणार हे माझ्याकडून कबूल करून घेतले. पाइप उघडाच ठेवायचे ठरले आहे आणि इलेक्ट्रिशियन स्वतंत्र वायर उद्या ओढणार आहे.

आता एकच प्रश्न उरला आहे. दुकानात बहुतेक हॉब नुसत्या स्पर्शाने चालणारे दिसले आणि आईची बोटे त्यावर दोन-तीनदा टेकवूनही आकडा बदलेना. फिरवायच्या बटणाचा हॉब शोधावा का? आणि दोन्ही शेगड्यांपैकी कोणती खिडकीकडे ठेवावी?

प्रतिसाद : ऐरोली, नवी मुंबई

बटणाचाच शोधा, थोडे फिरावे लागले तरी चालेल. स्पर्शाच्या पट्टीवर ओले किंवा पिठाचे बोट चालत नाही, आणि भातावरचे पाणी उतू येऊन पट्टीवर गेले की हॉब सूचनेचा आवाज करत बंद होतो, त्यात वयस्कर माणूस गांगरून जातो. बटणाचा मिळाला नाही तर टायमरसाठी वेगळी, ठळक खूण असलेला घ्या आणि पहिले आठ दिवस तुम्ही शेजारी उभे राहून त्यांनाच लावू द्या.

खिडकीकडे हॉब ठेवा, गॅस आतल्या बाजूला, म्हणजे पावसाळी वाऱ्याने ज्योत हलणार नाही. चिमणी मात्र दोन्हींवर पुरेल एवढ्या रुंदीची घ्या, कारण फोडणीचा धूर इंडक्शनवरही तेवढाच होतो. दोन्ही वस्तू घरात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नका. कटआउटचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, खोक्यात येणारा कागदी साचा कारागिराच्या हाती द्या आणि दोन्ही कटआउटच्या मध्ये परातीला टेकायला किमान एक फूट ओटा सोडा. भाकरी थापायला आईंना तीच जागा लागेल.