१८६२ची प्रशियाची निवडणूक : श्रीमंतांच्या मतांवर राजाचा पक्ष कसा हरला?

जिज्ञासू : प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्यात, १८४९पासून करभरणीनुसार मतदारांचे तीन वर्ग पाडले जात आणि मूठभर धनिकांच्या मताला बहुसंख्य गरिबांच्या मतांइतके वजन मिळे. असे असताना मे १८६२च्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत राजनिष्ठ कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३५२ पैकी जेमतेम डझनभर जागा मिळाव्यात, याची संगती कशी लावायची?

अभ्यासक : तो पैसा कोणाचा होता, हे आधी पाहावे लागते. स्थानिक पातळीवर करदात्यांची उतरत्या क्रमाने यादी लावत. एकूण कराचा पहिला तृतीयांश भरणारे पहिल्या वर्गात, पुढचा तृतीयांश भरणारे दुसऱ्यात आणि बाकीचे सगळे तिसऱ्यात. १८४९ साली पहिल्या वर्गात सुमारे ५ टक्के, तर तिसऱ्यात ८० टक्क्यांहून अधिक मतदार होते, तरीही तिन्ही वर्ग सारख्याच संख्येने निर्वाचक निवडत आणि ते निर्वाचक पुढे प्रतिनिधी निवडत. शहरांतील याद्यांच्या माथ्यावर व्यापारी, कारखानदार आणि वकील होते, आणि हाच वर्ग १८६१मध्ये स्थापन झालेल्या उदारमतवादी विरोधकांच्या प्रगती पक्षाचा कणा होता. युद्धमंत्री रून यांच्या सैन्यसुधारणेचा खर्च आणि तीन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा त्यांना मान्य नव्हती. पैसेवाला म्हणजे सरकारधार्जिणा, हे समीकरण त्या काळच्या प्रशियाला लागू पडत नाही.

वाचक : सरकारने दबाव आणला नाही, असेही नाही. गृहमंत्री यागो यांनी मार्च १८६२मध्ये अधिकाऱ्यांना परिपत्रक धाडून विरोधकांविरुद्ध कामाला लावले होते. मतदान तोंडी होते, म्हणजे मतदाराने निवडणूक अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपल्या निर्वाचकाचे नाव मोठ्याने सांगायचे. जमीनदाराच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला ते किती अवघड गेले असेल! मात्र विरोधी बाकांवर बसलेल्यांत न्यायाधीशच, म्हणजे खुद्द सरकारी सेवेतले लोकच, मोठ्या संख्येने होते; त्यामुळे अधिकाऱ्यांमार्फत आणलेला हा दबाव अपुरा पडला.

अभ्यासक : गरीब मतदार मुख्यतः केंद्राकडे फिरकलेच नाहीत, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. त्या वर्षी एकूण मतदान ३४ टक्क्यांच्या आसपास झाले आणि तिसऱ्या वर्गाचे त्याहूनही कमी. सप्टेंबरमध्ये राजाचे पंतप्रधान म्हणून सत्तेवर आलेल्या बिस्मार्क यांनी यातूनच धडा घेतला. ग्रामीण गरीब राजाच्या बाजूने उभे राहतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून १८६७मध्ये प्रशियाच्या नेतृत्वाखालील उत्तर जर्मन संघाच्या संसदेसाठी त्यांनी सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला आणि प्रशियाच्या त्रिवर्गीय पद्धतीवर जाहीर टीका केली. ती पद्धत प्रशियात मात्र १९१८पर्यंत टिकली.