यूपीच्या ट्रॉफीला गरिबीचं कौतुक कशाला?

मकाटीकर: मनिलाच्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल, म्हणजे आठ विद्यापीठांच्या यूएएपी स्पर्धेबद्दल, काल इथे कुणीतरी लिहिलं, "आतेनेओ–ला साल म्हणजे दोन श्रीमंत घरांची भाऊबंदकी, खरी लढत गरिबांच्या यूपीची." झोप उडाली राव. (नव्यांसाठी: आतेनेओ आणि ला साल ही खाजगी विद्यापीठं, यूपी म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स.)

2014 ला मी मनिलात नवा होतो. सलग 27 सामने हरल्यावर यूपीने अ‍ॅडॅमसन विद्यापीठाला एकदा हरवलं आणि कॅम्पसवर होळी पेटवली. एका विजयासाठी! तो संघ गरीब, कबूल. 2022 चा विजेता संघ कुठला गरीब? सेनेगलचा मलिक डिऊफ, अमेरिकेतून आलेला झेवियर लुसेरो. आणि आतेनेओविरुद्ध फायनलच्या तिसऱ्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये शेवटचा थ्री (तीन गुणांची लांबची बास्केट) मारणारा जेडी कागुलांगन आधी ला सालचा. 72-69. 1986 नंतरचा दुष्काळ फिटला खरा, पण विहीर शेजाऱ्याच्या पंपाने भरली.

दिलिमानची_लेक: ते कालचं मीच लिहिलं होतं. डिऊफ खुपतो, मग आंज कुआमे कोण, तुमचा मावसभाऊ? आयव्हरी कोस्टचा पोरगा आतेनेओनेच खेळवला ना? 2016 पासून 2022 पर्यंत यूएएपीचा एकेक एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) मोजा: म्बाला दोनदा, अकुएटी, शाबी यो, कुआमे, डिऊफ. सगळे आफ्रिकेतले. पंप सगळ्यांच्याच विहिरीवर आहे.

मकाटीकर: कुआमेला 2021 मध्ये नागरिकत्व मिळालं.

दिलिमानची_लेक: हो का? कागद आला की घरचा, नाहीतर भाड्याचा! आणि त्याआधी खेळला ते?

ताफ्टचा_हिरवा: म्बाला आमचा, ला सालचा होता आणि त्याचा अभिमान आहे. पोरं शिकतात, सराव करतात, घरापासून हजारो मैलांवर राहतात. आपण इथे काय वेगळं करतो? आपल्यालाही कुणीतरी "बाहेरून आणलेले" म्हणतच असेल.

मकाटीकर: ला सालवाल्यांनी नियम शिकवू नयेत. 2004 ची ट्रॉफी आठवते?

ताफ्टचा_हिरवा: आठवते. अपात्र खेळाडू निघाले, आम्ही आपणहून सांगितलं, ट्रॉफी परत केली, एक सीझन बाहेर बसलो. 2007 ला आलो आणि साखळीत 14-0 गेलेल्या यूईला (युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्ट) फायनलमध्ये लोळवलं. दुसऱ्या कुणाची आहे का हिंमत?

दावावची_भावी_डॉक्टर: तुमचं चालू द्या, पण एक सांगा, याला देशाची स्पर्धा का म्हणायचं? आठही विद्यापीठं मेट्रो मनिलातली! जून मार फाहार्दो सेबूच्या कॉलेजातून आला आणि पीबीए या व्यावसायिक लीगमध्ये सलग सहा वर्षं एमव्हीपी झाला. यूएएपी त्याने बाहेरूनच पाहिली. इकडे कुणी विचारत नाही.

मकाटीकर: ताई, मुद्दा आतेनेओ–ला सालचा होता.

दावावची_भावी_डॉक्टर: मुद्दा नेहमीच मनिलाचा असतो, दादा.

ताफ्टचा_हिरवा: मुद्द्यावर येतो. मनिलात नवा होतो तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातल्या मित्राने आतेनेओ–ला सालचं तिकीट दिलं, आणि बायकोने घेतलेला पोपटी टीशर्ट (ला सालचा रंग हिरवा!) घालून मी अरानेटा स्टेडियममध्ये गेलो. जागा निळ्यांच्या, म्हणजे आतेनेओवाल्यांच्या, मधोमध. शेजारच्या आजींनी निळा पंखा मिटला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पॉपकॉर्नची पिशवी उचलून पलीकडच्या मांडीवर ठेवली. चारही क्वार्टर एक शब्द नाही. त्या दिवशी मी ला सालचा झालो. कातिपुनान रस्त्यावर आतेनेओ आणि यूपी शेजारी शेजारी. निळा शर्ट घालून यूपीच्या घोळक्यात बसलो तर फार तर टोमणा मिळाला. आता सांगा, वैर कुठलं मोठं?

दिलिमानची_लेक: म्हणजे वैर पॉपकॉर्नवर मोजायचं! छान. चला, आजींना एक गुण दिला. पण 36 वर्षं थांबणं काय असतं ते आमच्या लोकांना विचारा.

ताफ्टचा_हिरवा: तो थ्री सुंदर होता, मानतो. आमच्याकडे हात बसला होता ना पोराचा.

मकाटीकर: आलं पुन्हा! असो. रविवारचं एखादं तिकीट जास्तीचं असेल तर कळवा. टीशर्ट पांढरा घालीन.