‘इद्दतीत’, ‘इद्दतीपुरती’ की ‘इद्दतीच्या आत’?

रामबागकर
मंडळी, वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी शाहबानो खटल्यावर, म्हणजे एका मुस्लिम घटस्फोटितेने नवऱ्याकडे पोटगी मागितल्याच्या खटल्यावर, एक पानी टिपण करतो आहे. खटला आपल्या इंदूरच्या कोर्टात सुरू झाला, म्हणून. समोरचा मजकूर हिंदी आहे. त्यावरून केलेली वाक्यं अशी:
‘१९७८ मध्ये पतीने तलाक देऊन मेहर, म्हणजे स्त्रीधन, परत केले. १९८६ च्या कायद्याने इद्दतीत (तीन महिने) भरण-पोषण देण्याचे प्रावधान केले.’
शेवटी शब्दार्थांची चौकट आहे, त्यात ‘फतवा = धर्मगुरूंचा आदेश’. ‘भरण-पोषण’ तसंच ठेवू की पोटगी?

कलमबहाद्दर
पोटगीच. आणि हिंदीतली ‘धारा १२५’ (फौजदारी प्रक्रिया संहितेतली, पोटगीची) मराठीत ‘कलम १२५’ होते. इंदुरात राहून आपल्या सगळ्यांच्याच तोंडी धारा बसली आहे. पण तुमच्या वाक्यातला खरा घोळ पोटगीत नाही, ‘इद्दतीत’ या शब्दात आहे. (इद्दत म्हणजे तलाक किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईने पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ.) मराठीतला हा ‘-त’ दोन्हीकडे चालतो. ‘सुट्टीत पुस्तक वाचून काढलं’ म्हणजे सुट्टी संपायच्या आत. ‘सुट्टीत पगार मिळतो’ म्हणजे सुट्टी आहे तोवरचा. १९८६ च्या, मुस्लिम घटस्फोटितांच्या हक्कांबद्दलच्या कायद्याच्या कलम ३ वरून जो वाद झाला तो नेमका इथला. पोटगी इद्दतीपुरती, की सगळी व्यवस्था इद्दतीच्या आत लावून द्यायची?
२००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला. कलमात दोन नामं आहेत आणि दोन क्रियापदं: वाजवी तरतूद ‘करायची’ आणि पोटगी ‘द्यायची’. इद्दत ही हे सगळं उरकण्याची मुदत आहे, जबाबदारीची मर्यादा नाही. बाईच्या पुढच्या आयुष्याची सोय त्या मुदतीत लावून द्यायला हवी. म्हणून ‘इद्दतीच्या आत’ लिहा. ‘इद्दतीत’ लिहिलंत तर वाचणारा हटकून ‘तेवढ्यापुरती’ असंच समजेल.

रामबागकर
मग ‘प्रावधान’चं ‘तरतूद’ केलं की झालं?

कलमबहाद्दर
नाही ना! आपली तरतूद दुहेरी आहे. ‘कायद्यातली तरतूद’ वेगळी आणि ‘मुलीच्या लग्नाची तरतूद करून ठेवली’ ही वेगळी. लतीफी निकालात महत्त्व दुसरीला आहे. ‘कायद्याने तरतुदीची तरतूद केली’ असं काही तरी होऊन बसेल. ‘भावी उदरनिर्वाहाची तरतूद’ असं पुरतं लिहा आणि कायद्यासाठी ‘कलम ३ नुसार’ म्हणा.

नून_गुन्ना
कंसातले ‘तीन महिने’ काढा. त्याच कायद्यातली व्याख्या अशी: तलाकनंतर तीन मासिक पाळ्या, पाळी येत नसेल तर तीन चांद्रमास, म्हणजे साधारण ८९ दिवस, गरोदर असेल तर बाळंतपण किंवा गर्भपात होईपर्यंत, तलाकपासून तीन महिने उलटले नसले तरी. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस, पण तिचा इथे संबंध नाही. इंग्रजी कॅलेंडरचे तीन महिने मोजले की तारीख दोन-तीन दिवसांनी चुकते, आणि गरोदर बाईच्या बाबतीत पार चुकते.
आता मेहर. ते स्त्रीधन नव्हे, हुंडा तर नव्हेच. हुंडा मुलीकडून जातो, मेहर नवऱ्याने द्यायचं असतं. आपल्या जुन्या ‘देज’शी जुळवायचा मोह होईल, पण देज मुलीच्या बापाच्या हाती पडायचं, मेहर बायकोचं स्वतःचं. ‘परत केले’ तर साफ चूक. तिने दिलंच नव्हतं, परत काय करणार? ‘मेहरची रक्कम भरली’ म्हणा. या खटल्यात नवऱ्याने ३००० रुपये कोर्टात जमा केले होते.
(मेहेरबानीतला ‘मेहेर’ फारसी, त्याचा अर्थ माया. हा मेहर अरबी. जोडून दाखवू नका, पुष्कळ जण दाखवतात.)
निकाहनामा (लग्नाचा करारनामा) देवनागरीत उतरवताना होणारी एक चूक सांगून ठेवतो. मेहर दोन प्रकारचं: मागताक्षणी देणं लागतं ते, आणि पुढे ढकललेलं, म्हणजे तलाक किंवा मृत्यूच्या वेळी देय होणारं. उर्दूत पहिला मुअज्जल ‘ऐन’ने लिहितात, दुसरा ‘हमजा’ने. देवनागरीत दोन्ही ‘मुअज्जल’! उर्दू अक्षर न पाहता नक्कल केली की ताबडतोबीचं आणि उधारीचं एकच होऊन बसतं. म्हणून शब्दापुढे ‘तात्काळ देय’ किंवा ‘विलंबित’ लिहायचंच.

कलमबहाद्दर
मेहरचा मुद्दा शाहबानोच्या निकालातही असाच एका शब्दयोगी अव्ययावर अडला होता. त्याच संहितेचं कलम १२७ म्हणत होतं की घटस्फोट झाल्यावर वैयक्तिक कायद्याने देय असलेली सगळी रक्कम दिली असेल तर पोटगीचा आदेश रद्द होतो. नवरा म्हणाला, मेहर दिलं, सुटलो. न्यायालय म्हणालं, मेहर लग्नापोटी देय असतं, घटस्फोटापोटी नाही. फार तर ते घटस्फोटाच्या वेळी चुकतं केलं जातं. ‘वेळी’ आणि ‘पोटी’. मराठीत हा फरक इंग्रजीपेक्षा स्वच्छ दिसतो, टिपणात वापरून घ्या.

सराफा_रात्री_दहा
‘तलाक’वरही एक ओळ हवी. इथे हिंदीत कुणाच्याही घटस्फोटाला तलाक म्हणतात. मराठीत तलाक म्हणजे नवऱ्याने दिलेला. बायकोच्या मागणीवरून होतो तो खुला, दोघांच्या संमतीने मुबारात, काझी किंवा कोर्टाने मोडलेलं लग्न फस्ख. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्याने बायकोला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेण्याची कारणं दिली (नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही वगैरे). त्यालाही लोक सर्रास ‘तलाक घेतला’ म्हणतात. सगळ्यांना मिळून ‘घटस्फोट’ किंवा आपली ‘फारकत’.
आणि ‘तोंडी तलाक’वर २०१९ मध्ये बंदी आली, असं लिहू नका. तो कायदा एका दमात दिलेल्या, मागे न घेता येणाऱ्या तलाकबद्दल आहे, मग तो बोलून असो, लिहून असो की मोबाइलवरून. इद्दत संपेपर्यंत मागे घेता येतो असा तलाक तोंडी असला तरी त्यात येत नाही. ‘तिहेरी तलाक’ बरा.

नून_गुन्ना
फतव्याचं राहिलं. ‘मुख्याध्यापकांनी फतवा काढला’ हा मराठी अर्थ झाला, हुकूम. मुळात कुणी तरी मुफ्तीला प्रश्न विचारतो आणि मुफ्ती शास्त्राधारे मत देतो, ते मत म्हणजे फतवा. विचारणारा दुसऱ्या मुफ्तीकडेही जाऊ शकतो. म्हणून ‘फतवा दिला’, ‘काढला’ नव्हे. निवाडा देणं हे काझीचं काम, आणि आज भारतातल्या काझीला न्यायाधीशाचे अधिकार नाहीत. १८८० च्या काझी कायद्यानेही ते दिले नव्हते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फतवा किंवा दारुल-कझाचा (काझींच्या खासगी निवाडा मंडळाचा) निर्णय कायद्याने कुणावर बंधनकारक नाही. चौकटीत ‘धर्मशास्त्रीय अभिप्राय’ टाका.

रामबागकर
आभारी आहे. नवा मसुदा:
‘एप्रिल १९७८ मध्ये शाहबानो यांनी इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपये पोटगी मागितली. अर्ज प्रलंबित असताना, ६ नोव्हेंबर १९७८ रोजी, पतीने तलाक दिला व मेहरचे ३००० रुपये कोर्टात भरले. १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर झाली. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले. १९८६ च्या कायद्याच्या कलम ३ नुसार घटस्फोटितेच्या भावी उदरनिर्वाहाची वाजवी तरतूद इद्दतीच्या आत करून द्यावी लागते.’

कलमबहाद्दर
आता नीट झालं. ‘५०० रुपये’ला एक तळटीप द्या, त्या वेळी कलमातली कमाल मर्यादाच तेवढी होती. २००१ मध्ये ती काढली. शिवाय १ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुस्लिम घटस्फोटितेला १९८६ च्या कायद्याबरोबर १२५ चीही वाट मोकळी आहे. जुना क्रमांक खोडू नका, कंसात नवा द्या.

सराफा_रात्री_दहा
शेवटच्या वाक्यात ‘व पोटगी द्यावी लागते’ राहिलं. दोन क्रियापदं होती ना?

रामबागकर
‘…तरतूद इद्दतीच्या आत करून द्यावी लागते व पोटगीही चुकती करावी लागते.’ टाकलं.